लाकडाबरोबर गेलेल्या लेकी

परत येऊन महिना होत आला, पण डाव्या घोट्याची सूज काही उतरत नाही. वाचनालयातल्या बाया रोज विचारतात, "काय काय पाह्यलं तुमी तिकडं, कौसल्याबाई? लिवून तरी द्या." परदेश पाहून आलेल्या माणसानं हौसेनं लिहावं अशी रीत आहे. ती हौस मला आता आणता येणार नाही. मी हॉलंड पाहिलं, नॉर्वेचा एक कोपरा पाहिला, आणि बाकीचा वेळ बसायला बाक कुठं आहे ते पाहिलं. तरी लिहिते, कारण तिकडं लाकडाची एक गोष्ट कळली, आणि लाकडात माझा जन्म गेला आहे.

खरं तर मी हिंडायला गेलेच नव्हते. लेकीला एक प्रश्न विचारायला गेले होते.

आदिलाबादेत आमची लाकडाची वखार होती. मालक गेले त्याला नऊ वर्षं झाली; तेव्हापासून मी एकटीनं चालवली. आता सागवानाची चौकट कोण बसवतो? लोक तयार लोखंडी चौकट टेम्पोत घालून नेतात. शिवाय माझे गुडघे. शेवटी जागेचा सौदा केला. घेणारा म्हणाला, "अक्का, दसरे के पहले जगह खाली होना. फंक्शन हॉल बनाना है." आरा मशीन गेली, फळ्या गेल्या, बल्ल्या गेल्या. राहिलं एक लाकूड.

आमच्या घरात सासऱ्यांपासूनची एक पद्धत. मूल जन्मलं की बारशाच्या आत त्याच्या नावाचं एक सागाचं लाकूड बाजूला काढायचं. पुढं त्या मुलाचं घर झालं की चौकट त्यातूनच करायची. ते विकायचं नाही, त्यावर कुणी बसायचं नाही, कितीही नड आली तरी त्याला करवत लावायची नाही. अश्विनी आमची एकुलती. तिचं लाकूड एकतीस वर्षं वखारीच्या मागच्या भिंतीशी विटांवर पडलेलं होतं. आणि अश्विनी सात वर्षांपासून आम्स्टरडॅमला, बंदराच्या एका कचेरीत. कोणतं जहाज कधी लागणार ते ती पाहते.

आता मला सांगा, जागा खाली करायची तर त्या लाकडाचं काय करायचं? ती परत येणार असेल तर स्टेशनच्या पलीकडच्या प्लॉटवर चांगलं घर बांधता येईल. येणार नसेल तर तसं कळलं पाहिजे. फोनवर विचारलं की एकच उत्तर, "बघू ना आई." म्हणून बॅगेत ज्वारीचं पीठ, ठेचा आणि तिच्या कचेरीतल्या लोकांसाठी जवळच्या निर्मल गावची चार लाकडी पाखरं भरली आणि निघाले.

आम्स्टरडॅम

विमानाबद्दल काही लिहीत नाही. पाय लांब करता येत नाहीत एवढंच.

अश्विनीचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना म्हणजे आपल्याकडं माळ्यावर चढायची शिडी असते तो प्रकार. कठड्याच्या जागी दोर. पहिल्या दिवशी मी दोन ठिकाणी बसत बसत वर गेले. अश्विनी खालून बॅग ढकलत म्हणाली, "सवय होते आई." मी म्हटलं, "सात वर्षांत तुले झाली असंल. मले सात दिवसच राहाचं आहे."

घरं सगळी चिंचोळी, एकमेकांना टेकलेली, काही तर पुढं झुकलेली. प्रत्येक घराच्या माथ्यावर एक तुळई बाहेर काढलेली आणि तिला आकडा. जिन्यातून कपाट चढत नाही म्हणून सामान दोरानं त्या आकड्यावरून ओढून खिडकीतून आत घेतात. मला ही कल्पना पसंत पडली. मलाही तसंच ओढून घ्या म्हटलं, तर लेक हसली. दुपारी जेवायला थंड पाव आणि चीज. कामावरचे लोकही तेच खातात, उभ्या उभ्या. ताट नाही, वरण नाही, कुणी कुणाला वाढत नाही. मी संध्याकाळी विजेच्या शेगडीवर भाकरी केली. ती फुगली नाही, पण अश्विनी तिच्यावर अशी तुटून पडली की माझा प्रश्न तोंडातच राहिला. पोरीला पोटभर जेवू द्यावं, मग विचारावं. मग ती भांडी घासता घासता पेंगायला लागली.

असं तीन दिवस चाललं. रोज सकाळी ठरवायची आणि रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढायची. तीसुद्धा तेच करत असावी, कारण मला एकटीला घेऊन बसायचं ती टाळायची. इथं चल, तिथं चल, हे पाह्य, ते पाह्य. कालवे पाहिले. पूल पाहिले. सगळे कालवे मला सारखेच दिसले.

चौथ्या दिवशी मात्र मी स्वतःहून थांबले. तिच्याच गल्लीत एका जुन्या घराचा पाया दुरुस्त करत होते. जमीन उकरलेली, खाली पाणी, आणि त्या पाण्यात उभ्या रोवलेल्या बल्ल्या दिसत होत्या. काहींचे शेंडे कापून बाजूला ठेवले होते. मुकादम मिशाळ आणि बोलका होता. मी एक तुकडा उचलला तर त्यानं अडवलं नाही. मी सवयीनं नखानं खरवडलं, नाकाला लावलं. वरून काळा ठिक्कर, पण आत अगदी पुसट राळेचा वास.

"चिडाचं लाकूड आहे, पाइन," मी अश्विनीला म्हटलं. "त्याले विचार कुठला माल आहे."

तिनं विचारलं. मुकादम म्हणाला, जुना माल आहे, तीनशे वर्षांचा तरी असेल, बहुतेक नॉर्वेचा. तेव्हा बराचसा तिकडूनच यायचा.

मग तो कौतुकानं सांगत राहिला आणि अश्विनी मला मराठीत सांगत राहिली. हा सगळा मुलूख दलदलीचा. दगड नाही, मोठं जंगल नाही. घर बांधायचं तर चिखलाखालच्या घट्ट वाळूपर्यंत बल्ल्या ठोकायच्या आणि त्यांच्यावर भिंती उभ्या करायच्या. जहाजं बांधायची तर फळ्या लागायच्या. समुद्रापलीकडं नॉर्वेत डोंगर पाण्यापर्यंत आलेले आणि डोंगरभर झाडं. डच जहाजं उन्हाळा लागला की तिकडं जायची आणि लाकूड भरून यायची. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं. म्हणजे हे एवढं श्रीमंत शहर दुसऱ्याच्या रानावर उभं आहे.

"पाण्यात राहून सडत कसं नाही?" अश्विनीनं विचारलं. ते मलाच ठाऊक होतं. लाकूड पाण्यात पूर्ण बुडालेलं असलं तर त्याला काही होत नाही. हवा लागली की कुजतं. माझ्या माहेरी तलमडुगुला आमच्या विहिरीच्या तळाशी उंबराच्या लाकडाचं कडं बसवलेलं आहे. माझ्या आज्याच्या आधीचं. अजून टणक आहे. मी हे सांगितलं आणि अश्विनीनं मुकादमाला सांगितलं, तर त्यानं डोक्यावरची टोपी काढून मला मान लववली. सबंध प्रवासात तेवढा एकच माणूस माझ्याशी धंद्याचं बोलला.

त्या रात्री अश्विनी म्हणाली, "आई, तू आली तवापासून पह्यल्यांदा तुह्या तोंडावर जान दिसली. चाल, तुले ते लाकूड जिथून आलं ते गाव दाखोतो." मी नको म्हटलं. घोटा दुखत होता. पण तिनं तिकिटं काढून टाकली होती.

फ्लेकेफ्योर

नॉर्वेच्या दक्षिणेला हे छोटं गाव आहे. समुद्राचा एक हात डोंगरांमधून आत शिरतो, त्याच्या टोकाशी. पाहताना नदी वाटते. मी हात घालून बोट चाटलं तेव्हा खारट लागलं. विमान, मग बस, मग आणखी चालणं. बारीक भुरभुर चालू होती आणि तिथले लोक छत्री न घेता हिंडत होते, जणू तो पाऊस दुसऱ्या कुणाच्या अंगावर पडत होता.

गावातल्या एका भागाला अजून डचांच्या नावानंच ओळखतात. अरुंद गल्ल्या, पांढऱ्या रंगाची लाकडी घरं, खिडक्यांत कुंड्या. अश्विनी पाटी वाचून सांगत होती की डच जहाजं इथवर आत यायची. येताना रिकामं जहाज डुलू नये म्हणून तळाशी विटा आणि कौलं भरून आणायची. त्या इथं उतरवायच्या आणि लाकूड चढवायचं. शेतकरी आपल्या रानातलं लाकूड थेट जहाजवाल्याला द्यायचा आणि बदल्यात कापड, धान्य, दारू घ्यायचा. मधे दलाल नाही. मी म्हटलं, आदिलाबादच्या कापूस बाजारात हे सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही.

ती वाचत होती, आणि मी एका घराच्या दाराशी टेकले होते. दाराच्या चौकटीवर पांढऱ्या रंगाचे थरावर थर. आमच्या धंद्यात रंगावर कुणी विश्वास ठेवत नाही; रंगाखाली काय आहे ते पाहिल्याशिवाय जिवाला थारा नसतो. मी केसातली पिन काढली आणि कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, थोडं खरवडलं. वाकून वास घ्यायला गेले तोच दार उघडलं.

समोर एक उंच म्हातारी. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल. तिनं पिनकडं पाहिलं, चौकटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. अश्विनी धावत आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "आई, हे काय करून राह्यली तू? लोकायच्या घराले?"

"लाकूड पाहून राह्यली."

"काऊन पण?"

मी पिन परत केसात खोचली. अश्विनीनं त्या बाईला इंग्रजीत बरंच काही सांगितलं, त्यात माफी दोन-तीनदा ऐकू आली. आई वखारवाली आहे, तिला सवय आहे, असंही सांगितलं असावं. म्हातारी ऐकत राहिली आणि मग बाजूला होऊन तिनं आम्हाला आत बोलावलं. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीशी नेऊन एका जागेवर बोट ठेवलं. तिथं रंग नव्हता. तिथलं लाकूड उघडं होतं. इतकी वर्षं लोक घराचे फोटो काढतात, पण कशाचं बनवलंय हे कुणी विचारत नाही, असं ती म्हणाली. भिंती चिडाच्या आणि खालची आडवी तुळई ओकची. मी हात फिरवला. नावं वेगळी, पण माणसानं राखलेलं लाकूड कुठंही ओळखू येतं.

तिचं नाव सिग्रिड. तिनं कॉफी केली आणि पातळ जाळीदार घावनासारखं काही दिलं, त्यावर तपकिरी चीजचे काप. चव अशी की खव्यात चुकून मीठ पडावं. मी दोन खाल्ले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी बसवून वाढत होतं, तेव्हा चवीचं काय एवढं. बॅगेत निर्मलचं एक पाखरू उरलं होतं, ते मी तिला दिलं. तिनं ते तळहातावर तोललं आणि विचारलं, एवढं हलकं कसं, कोणतं लाकूड? मला ती बाई आवडली.

मग ती सांगायला लागली. लाकडाबरोबर माणसंही गेली. पोरं डच जहाजांवर खलाशी म्हणून गेली आणि पोरी आम्स्टरडॅमला घरकामाला. इथं खडकाळ जमीन, थोडं पीक, तिकडं रोख पगार. तिच्या घराण्यातल्या फार जुन्या काळच्या दोन बहिणी एकाच उन्हाळ्यात गेल्या. ज्या जहाजावर बापानं लाकूड चढवलं त्याच जहाजावर बसून.

अश्विनी वाक्यामागून वाक्य मला सांगत होती. तिचा आवाज नेहमीचा होता. मी विचारलं, "तिले विचार, त्या पोरी वापस आल्या का?"

अश्विनी कपातली कॉफी ढवळत राहिली. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "विचार नं. वापस आल्या का त्या?"

"आई," ती म्हणाली, "तू तिले इचारून राह्यली का मले?"

सिग्रिड आमच्या दोघींकडं आळीपाळीनं पाहत होती. मी कपाकडं पाहत होते. सात समुद्र ओलांडून जो प्रश्न घेऊन आले तो असा परक्या बाईच्या स्वयंपाकघरात, खाण्याची बशी पुढ्यात असताना निघाला.

"तुलेच," मी म्हटलं.

"मी नाही येत, आई." तिनं एका दमात सांगितलं. "दोन वर्षं झाले, मले माहीत आहे. सांगता येत नव्हतं. तू ते लाकूड ठेवून बसली आहे. दर फोनवर तू सांगते, उधई-वाळवी नाही लागली, आता पानी नाही लागलं. मी काय बोलू?"

मला राग आला. खोटं कशाला लिहू. इतका की उठून त्या भुरभुरीत चालू पडावं असं वाटलं. दोन वर्षं मी त्या लाकडाखालच्या विटा बदलत होते. मग राग उतरला आणि फक्त दमणूक राहिली, आणि तिच्या तळाशी थोडं हलकंसुद्धा वाटलं. पण ते मी तेव्हा कबूल केलं नसतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही. अश्विनी तर सरळ रडत होती.

सिग्रिडनं उठून कॉफी ओतली. थोड्या वेळानं तिनं अश्विनीला हळूच विचारलं, तुझी आई काय म्हणत होती? अश्विनीनं नाक पुसून माझा प्रश्न तिला सांगितला.

सिग्रिड म्हणाली, एक परत आली. अंगावर डच कापड, ट्रंकेत निळ्या चित्रांच्या फरशा. मी तिच्या वंशातली. दुसरीनं तिकडंच लग्न केलं, तिकडंच संपली.

"आन्‌ आईनं काय केलं?" मी विचारलं. या वेळी अश्विनीनं लगेच विचारलं.

सिग्रिडनं जरा विचार केला. जहाजवाला दर उन्हाळ्यात यायचा, ती म्हणाली. याच घरी जेवायचा. लेकीचा निरोप सांगायचा आणि लाकूड घेऊन जायचा. कोणत्या साली किती फळ्या चढवल्या ते जुन्या वह्यांत लिहिलेलं आहे. आईचं कुणी लिहिलं नाही.

निघताना मी खरवडलेल्या जागेकडं बोट दाखवून हात जोडले. सिग्रिडनं त्या जागेला रंग लावणार नाही असं सांगितलं. खरं की केवळ बोलायचं म्हणून, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी बसला वेळ होता म्हणून आम्ही धक्क्यावरच्या बाकावर बसलो. पाणी अगदी स्तब्ध. मोठं जहाज आता इथं येत नाही. चार होड्या बांधलेल्या होत्या. मग अश्विनी म्हणाली, "तू माह्याकडं ये नं राहाले."

"त्या जिन्यावर? तुह्या घरी मी वर गेली तर खाली नाही येनार आन्‌ खाली आली तर वर नाही जानार."

ती हसली. मग म्हणाली, "माह्या लाकडाचं काय करशील?"

"तुह्या बाबानं ठेवलं. मी कोन होतो त्याचं करनारी?"

"आई, तुह्या नावाचं कोनतं होतं?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "सुनेच्या नावाचं नसते काढत. घरात जन्मल्याचं काढतात."

"आन्‌ तलमडुगुले?"

"तिथं कापूस अन्‌ जवारी. लाकूड कोन ठेवते."

अश्विनी माझ्याकडं पाहत राहिली. छत्तीस वर्षं त्या वखारीत काढली आणि हे माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं, याचं मला त्या बाकावर नवल वाटलं. "मंग ते तू घे," ती म्हणाली. "माह्यं मी देतो तुले." मी म्हटलं, असं नसते. बस आली आणि बोलणं तिथंच राहिलं.

आदिलाबाद

दसऱ्याला बारा दिवस होते. वखारीत फंक्शन हॉलवाल्याची माणसं मोजपट्टी धरून फिरत होती आणि ते एकच लाकूड भिंतीशी पडलेलं होतं. घेणारा म्हणाला, "अक्का, ये भी दे देव, अच्छा माल है." मी नाही म्हटलं. दोन दिवस घोटा शेकत घरात बसले. तिसऱ्या दिवशी पोशट्टी मिस्त्रीला बोलावलं. हा आमचा तीस वर्षांपासूनचा सुतार. सगळं आदिलाबाद याच्या दारांतून ये-जा करतं. त्याला स्टेशनपलीकडच्या प्लॉटवर दोन खोल्या आखायला सांगितल्या. खोल्या खालीच हव्या, जिना नको. आणि चौकट त्या लाकडाची.

लाकूड शेजारच्या गिरणीत नेलं. करवत आत गेली तसा आतला पिवळा-तपकिरी गाभा उघडा झाला, आणि वास असा दरवळला की मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. एकतीस वर्षांत एक भेग नाही. दोन बाजू, एक माथा, एक उंबरठा असे चार तुकडे निघाले. गिरणीत दहा गिऱ्हाइकांचा माल एकात एक पडलेला असतो, म्हणून कापला की लगेच त्यावर मालकाचं नाव खडूनं लिहून ठेवतात. छत्तीस वर्षं मी हेच केलं. कुणाकुणाची नावं लिहिली नाहीत.

पोशट्टीनं खिशातून खडू काढला. "अक्का, कोनाचं नाव लिवू? अश्विनीताईचं नं?"

"आण इकडं," मी म्हटलं.

मी वाकले. गुडघा कुरकुरला. चारही तुकड्यांवर एकेक करून लिहिलं: कौसल्या. पहिल्या दोन तुकड्यांवर अक्षर वाकडं आलं, कारण ते नाव लिहायची माझ्या हाताला सवय नव्हती.